क्रोमॅटिनची पुनर्रचना की फेरमांडणी?

प्रश्न असा आला आहे: ‘एका लेखात “रंगद्रव्य पुनर्रचना प्रथिने जनुकांचे प्रतिलेखन नियंत्रित करतात” असे वाक्य वाचले. काही बोध झाला नाही. क्रोमॅटिन रिमॉडेलिंगला मराठीत काय म्हणावे?’

बोध झाला नाही यात नवल नाही, पहिलाच शब्द चकवतो. रंगद्रव्य म्हटले की त्वचेतले मेलॅनिन आठवते. क्रोमॅटिनला असा स्वतःचा रंग नसतो. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या सुमारास पेशी रंगवून पाहिल्या, तेव्हा केंद्रकातला जो भाग रंग चटकन धरी त्याला त्याने हे नाव दिले. ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंग. त्यावरूनच पुढे क्रोमोसोम आले आणि आपण रंगसूत्र केले. पाठ्यपुस्तकांतले ‘गुणसूत्र’ मात्र रंग सोडून कामाकडे बघते, म्हणून ते मला अधिक आवडते. क्रोमॅटिनला तसा बेतलेला शब्द रुळलेला नाही. तो आहे तसाच ठेवावा.

आता रिमॉडेलिंग. भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तसा डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती जेमतेम पावणेदोन वेढे घेतो; हा धागा आणि ही प्रथिने मिळून क्रोमॅटिन. एका गठ्ठ्यावर सुमारे १४७ बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या, बसतात. जनुकाची सुरुवात अशा वेढ्यात दडली, तर प्रतिलेखन, म्हणजे जनुकाची आरएनएत नक्कल, करणाऱ्या यंत्रणेला तिथे सहजी बसता येत नाही. मग रिमॉडेलिंग करणारी प्रथिने एटीपी या पेशीतल्या इंधन-रेणूतली ऊर्जा खर्चून धागा ओढतात, गठ्ठा पुढेमागे सरकवतात, कधी उचलून बाजूलाही करतात. जागा मोकळी झाली की जनुक वाचले जाते.

म्हणजे सामान तेच, फक्त त्याच्या जागा बदलतात. याला घरात आपण फेरमांडणी म्हणतो. ‘पुनर्रचना’ व्याकरणाने चूक नाही, पण ती ऐकताना राज्य पुनर्रचना आठवते: एकदा सीमा आखल्या की झाले. इथे तर सतत हलवाहलव चालू असते. एकच खबरदारी घ्यावी. गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसरीकडे जोडला जातो, त्यालाही काही जण फेरमांडणी म्हणतात. म्हणून ‘क्रोमॅटिनची फेरमांडणी’ असे पूर्ण लिहावे. आणि हिस्टोनवर ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट चिकटवणे ही वेगळी गोष्ट. ती खूण झाली, सरकवणे नव्हे.

‘नियंत्रित करतात’ हेही मला खटकते. मराठीत नियंत्रण म्हटले की लगाम आठवतो: रक्तदाब नियंत्रण, गर्दी नियंत्रण. ही प्रथिने जनुक उघडतात तशी कधी झाकतातही, म्हणून ‘नियमन’ हवे.

जाता जाता, यांतल्या सर्वांत गाजलेल्या संचाचे नाव ‘स्विच-स्निफ’. नावात फेरमांडणीचा मागमूस नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या काही बिघडलेल्या वाणांना आपला लैंगिक प्रकार बदलता येईना, तर काहींना उसाची साखर आंबवता येईना. दोन्ही बिघाडांची नावे वेगवेगळी पडली, पहिल्याचे ‘स्विच’ आणि दुसऱ्याचे ‘सुक्रोज नॉन-फर्मेंटिंग’वरून ‘स्निफ’, आणि मागाहून कळले की त्यांत बिघडलेली प्रथिने एकाच संचातली. तेव्हा नावाचे भाषांतर करायला जाऊ नये, नाहीतर ‘साखर न आंबवणारे प्रथिन’ असे काहीतरी हाती येईल, आणि त्या प्रथिनाचे काम नेमके उलटे आहे.

तर ते वाक्य मी असे लिहीन: ‘क्रोमॅटिनची फेरमांडणी करणारी प्रथिने जनुकांच्या प्रतिलेखनाचे नियमन करतात.’