पुस्तक जरूर काढा, पण आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न (थोडक्यात): मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. पेन्शन महिना ३४,००० रुपये, निवृत्तीचे मिळाले २६ लाख. माझी २४० पानांची कादंबरी 'प्रिंट ऑन डिमांड'ने (मागणी येईल तशी प्रत छापून) काढायची आहे. कंपनीचं पॅकेज १,७५,००० रुपयांचं; त्यात आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), मुखपृष्ठ, ३०० प्रती आणि १५० देशांत विक्री. वर्षाला २,००० प्रती खपतील, प्रतीमागे १२० रुपये रॉयल्टी मिळेल म्हणतात. त्यासाठी एफडी मोडू की एफडीवर कर्ज काढू? बँकेतल्या माझ्या माजी विद्यार्थ्याने गेल्याच महिन्यात ३ लाखांची नवी एफडी करून दिली, तिला मात्र हात लावायचा नाही. तिचा पुढच्या वर्षीचा हप्ता रॉयल्टीतून जाईल.

उत्तर: ताई, एफडीला हप्ता नसतो. तुम्ही जोडलेल्या फोटोत पहिल्याच पानावर 'प्रीमियम भरण्याची मुदत : १० वर्षे' असं छापलंय. ही विमा पॉलिसी आहे. बँकेने ती विमा कंपनीची एजंट म्हणून विकली आणि त्यावर कमिशन घेतलं.

दहा वर्षं, दरवर्षी ३ लाख, म्हणजे ३० लाख. तुमची सगळी पुंजी २६ लाखांची. महिन्यावर आणलं तर २५,००० रुपये; पेन्शनमधून भरायचं ठरवलं तर हातात ९,००० उरतात. पेन्शनीवर जगणाऱ्या बाईला हे विकलं गेलं याचा मला संताप येतो. विकणारा तुमचा विद्यार्थी आहे म्हणून गप्प बसू नका.

सुदैवाने मुदत अजून संपलेली नाही. अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते. याला 'फ्री लुक' म्हणतात. तुम्हाला पीडीएफ ३ तारखेला ईमेलवर आली आणि छापील प्रत १२ला. मोजणी ३ तारखेपासूनच धरा, उगाच वाद नको. आज २४ झाली. म्हणून हे उत्तर छापून येण्याआधीच तुम्हाला ईमेलने पाठवतोय.

अर्ज विमा कंपनीच्या नावे करा, बँकेच्या नव्हे. पॉलिसी क्रमांक, 'अटी मान्य नाहीत, फ्री लुकमध्ये रद्द करावी' हे एक वाक्य, रद्द केलेला चेक. कंपनीच्या शाखेत देऊन तारखेसह पोच घ्या आणि तोच अर्ज ईमेलही करा. 'मॅडम, एक वर्ष तरी चालू ठेवा' असा फोन येईल. ऐकू नका, त्यांना ही ३० दिवसांची मुदतच घालवायची असते. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांचा विमाखर्च आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर आणि शेवटी विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. आलेले पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, दर तिमाहीला व्याज मिळेल.

आता कादंबरी. कंपनीचा आकडा जसाच्या तसा खरा धरला तरी २,००० गुणिले १२० म्हणजे २ लाख ४० हजार. तुमचा हप्ता ३ लाखांचा! आणि तो आकडा खरा नाहीच. समजा किंमत ३०० रुपये. एकेक प्रत छापायला १३० जातील, ऑनलाइन दुकान १०० घेईल. तुम्हाला उरले ७०. पॅकेजचे पैसे निघायलाच २,५०० प्रती खपायला हव्यात. नव्या लेखकाच्या मराठी कादंबरीची हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. रॉयल्टी मिळाली तर आनंदच, पण तिच्यावर एकही हप्ता टांगू नका.

शिवाय 'प्रिंट ऑन डिमांड'चा फायदाच हा की मागणी आली की प्रत छापायची, घरात गठ्ठे नकोत. मग ३०० प्रतींचे पैसे आधी कशाला? '१५० देशांत विक्री' म्हणजे संकेतस्थळावर नोंद, एवढंच. आयएसबीएन तर शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी फुकट देते. तो स्वतःच्या नावे घ्या, म्हणजे प्रकाशक म्हणून तुमचीच नोंद राहील.

माझ्या मते ४०,००० पुरेत. त्यातले निम्मे चांगल्या संपादनावर आणि मुद्रितशोधनावर घाला, उरलेल्यात मुखपृष्ठ, मांडणी आणि सुरुवातीच्या ५० प्रती. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. म्हणून एक नमुना प्रत मागवून पानन् पान वाचल्याशिवाय मंजुरी देऊ नका. करारात दोन गोष्टी हव्यात: हक्क तुमचेच राहतील, आणि छपाईच्या फाइल्स तुम्हाला मिळतील.

एवढ्यासाठी एफडी मोडायला नको आणि कर्जही नको. पेन्शनमधून चार-पाच महिन्यांत जमेल. संपादनाला तेवढा वेळ लागतोच. अर्ज मात्र उद्याच द्या आणि पोच मिळाली की मला कळवा.