गेथशेमाने बाग आणि जैतुनांचा डोंगर ख्रिस्ती लोकांना एवढे पवित्र का वाटतात?

तुम्ही विचारलंय की येशूला क्रुसावर दिलं ते गोलगोथावर, त्याची कबरही तिथेच जवळ. मग यरुशलेमला गेलेले ख्रिस्ती यात्रेकरू शहराबाहेरच्या एका जैतुनाच्या बागेत जाऊन का रडतात? मी वसईच्या कॅथलिक घरात वाढलो आहे, तेव्हा हे उत्तर श्रद्धेच्या आतून आलेलं आहे हे धरून वाचा.

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने याच गेथशेमाने बागेत प्रार्थना केली आणि इथेच त्याला अटक झाली. माझ्या दृष्टीने त्या बागेचं मोठेपण यात आहे की तिथून निसटून जाणं येशूला सहज शक्य होतं, आणि तो गेला नाही.

हे नीट कळायला जागेची रचना डोळ्यांपुढे आणावी लागते. यरुशलेमच्या पूर्वेकडच्या तटाखाली किद्रोनची घळ आहे. घळ ओलांडली की लगेच चढ लागतो, तो जैतुनांचा डोंगर, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच. गेथशेमाने त्याच्या पायथ्याशी आहे. माथ्यापलीकडच्या उतारावर बेथानी, म्हणजे लाजर, मार्था आणि मरिया यांचं गाव. त्याच्या पुढे यहूदियाचं ओसाड रान सुरू होतं आणि थेट मृत समुद्रापर्यंत उतरत जातं. ते दिवस वल्हांडण या यहुदी सणाचे, म्हणजे पौर्णिमेचे. अर्ध्या-पाऊण तासात माथा गाठून कोणीही त्या रानात दिसेनासा झाला असता. शिवाय योहान आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, सांगतो की येशू शिष्यांना घेऊन तिथे वरचेवर जात असे, म्हणून त्याला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याला ती जागा ठाऊक होती. धरून देणारा आपल्याला आधी कुठे शोधेल हे माहीत असताना येशू त्या रात्री तिथेच गेला.

आणि तो निर्धास्त मनाने गेला असंही नाही. मार्क लिहितो की तो भयाने आणि दुःखाने व्याकूळ झाला, जमिनीवर पडला आणि ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारून हा प्याला, म्हणजे पुढ्यात आलेलं दुःख आणि मरण, माझ्यापासून दूर कर म्हणाला. मग, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असंही म्हणाला. लूकच्या शुभवर्तमानात त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. पेत्र, याकोब आणि योहान हे सर्वांत जवळचे तिघे, जागे राहा एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि तिघेही झोपी गेले. येशूच्या आयुष्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग हाच. क्रुसावरचा येशू आपल्याला पेलवत नाही. मरणाला घाबरलेला आणि कोणीतरी सोबत जागावं म्हणून विनवणारा येशू मात्र दवाखान्याच्या बाकावर रात्र काढलेल्या कुणालाही ओळखता येतो.

या एका प्रार्थनेवर चर्चने शतकानुशतकं विचार केला आहे. ‘माझी इच्छा’ आणि ‘तुझी इच्छा’ असे दोन शब्दप्रयोग आहेत, तर येशूला स्वतःची मानवी इच्छा होती का? सातव्या शतकात यावर मोठा वाद झाला. होती, असं ठामपणे मांडणारे संन्यासी मॅक्सिमस यांना त्यासाठी छळ सोसावा लागला आणि ते हद्दपारीत वारले. पुढे ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने त्यांचीच बाजू मान्य केली: ख्रिस्तामध्ये दैवी आणि मानवी अशा दोन्ही इच्छा आहेत. म्हणजे बागेतला तो झगडा दिखाऊ नव्हता, खरा होता.

डोंगराचा इतिहास त्याहून जुना आहे. मुलगा अबशालोम उलटला तेव्हा दावीद राजा हीच किद्रोन ओलांडून, डोकं झाकून, अनवाणी, रडत हाच डोंगर चढला होता. त्याचा सल्लागार अहिथोफेल फितूर झाला आणि शेवटी गळफास घेऊन मेला. मत्तय यहूदाचा शेवट तसाच सांगतो. दावीद डोंगर ओलांडून जिवानिशी सुटला. त्याचा वंशज येशू पायथ्याशीच थांबला. शुभवर्तमान ऐकणाऱ्या पहिल्या यहुदी श्रोत्यांना ही जुनी वाट आठवली नसेल, असं मला वाटत नाही.

याच उतारावर शहराकडे पाहून येशू रडला. तिथे १९५५ साली बांधलेलं अश्रूच्या आकाराचं छोटं चॅपेल आहे. झावळ्यांच्या रविवारची (पाम संडेची) मिरवणूक याच डोंगरावरून उतरते. स्वर्गारोहणाची जागा माथ्यावर मानतात, आणि ती वास्तू आज मुस्लिमांच्या ताब्यात आहे. प्रभूचे पाय शेवटी याच डोंगरावर टेकतील असं जखऱ्या संदेष्ट्याने म्हटल्यामुळे यहुद्यांचं प्राचीन कबरस्तानही इथेच पसरलेलं आहे.

बागेतल्या आठ जुन्या झाडांविषयी लोक हमखास विचारतात. २०१२ साली जाहीर झालेल्या तपासणीत त्यातल्या तीन खोडांचं वय काढता आलं, ते बाराव्या शतकातलं निघालं. बाकीची खोडं आतून पोकळ असल्याने त्यांचं वय काढता आलं नाही. आठही झाडांची जनुकं मात्र सारखी आहेत, म्हणजे ती एकाच मूळ झाडापासून वाढवलेली. इ.स. ७० च्या वेढ्यात रोमनांनी शहराभोवतालची झाडं तोडल्याचं त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसिफस लिहितो, त्यामुळे येशूने पाहिलेली झाडं हीच असतील असा आग्रह मी धरत नाही. कुणीतरी जुन्या झाडाची फांदी जपून पुन्हा लावली, यातच मला भक्ती दिसते. शेजारी १९२४ साली पूर्ण झालेलं सर्व राष्ट्रांचं चर्च आहे. त्याच्या खिडक्यांना जांभळट दगडी तावदानं आहेत, म्हणून भर दुपारीही आत अंधारलेलं असतं. वेदीपुढे उघडा खडक आहे. येशूने प्रार्थना केली तो हाच, अशी परंपरा.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची यात्रेकरू बाई तिथे गेली होती. येशूच्या अटकेची आठवण करण्याच्या रात्री लोक दिवे घेऊन डोंगरावरून गेथशेमानेला उतरत आणि अटकेचा उतारा वाचला की त्यांचा आक्रोश शहरापर्यंत ऐकू जावा इतका मोठा असे, असं तिने लिहून ठेवलंय. आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी मिस्सा झाल्यावर वेदी उघडी करतात, पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, बाजूच्या वेदीवर नेतात आणि गावातली माणसं तिथे आळीपाळीने रात्री उशिरापर्यंत जागतात. शिष्यांना जे जमलं नाही ते करण्याचा हा प्रयत्न आहे. लहान मुलं पेंगतात, त्यांना कुणी रागावत नाही.

तुम्हाला स्वतः वाचायचं असेल तर मार्कचा १४ वा अध्याय आणि शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा १५ वा अध्याय एका बैठकीत वाचा, आणि शेजारी यरुशलेमचा नकाशा उघडा ठेवा.