इगर्जीचं (चर्चचं) पेज काढताय? आधी मेसेज कोण वाचणार ते ठरवा

बाब, तुमच्या बार्देश तालुक्यातल्या फिर्गजीत (इगर्जीच्या हद्दीत) नवे पाद्र विगार, म्हणजे मुख्य पाद्री, आलेत, त्यांना फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप सगळं एकदम हवंय, आणि ‘तुला कंप्युटर कळतो’ म्हणून ते तुमच्या गळ्यात पडलंय. जुनी माणसं म्हणतात, इगर्जीला हे शोभत नाही. त्यांना सांगा, भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जेझुइट संघाच्या पाद्रींनीच गोव्यात चालू केला, आणि १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं तेही आपल्या मराठीत. पोप बेनेडिक्ट यांनी तर २०१० मध्येच पाद्रींना ब्लॉग, व्हिडिओ वापरा म्हणून सांगून ठेवलंय.

माझं म्हापशात फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. मी ख्रिस्ती नव्हे, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रिकाम्या इगर्जीतून मीस (प्रार्थनाविधी) लाइव्ह करायला लागलो तो आजपर्यंत करतोय. कॅमेऱ्याचं मागाहून बघू. पेजवर येणारे मेसेज कोण वाचणार, ते आधी ठरवा.

एका ठिकाणी पेज इगर्जीच्या युथ ग्रुपमधल्या दोन पोरांकडे होतं. पोस्टर फक्कड करायची. एका रात्री मेसेज आला, ‘फादर, जागे आहात?’ आणि त्याखाली एका बाईनं घरातलं सगळं लिहिलेलं. नवऱ्याची दारू, मार, सासू. तिला वाटलं समोर पाद्री आहे. समोर होता एकोणीस वर्षांचा पोरगा, तिच्याच वाड्यावरचा. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, ‘आता काय करू?’ मी दोन ओळी वाचल्या आणि फोन पालथा ठेवला. ‘फादरना नेऊन दे, आणि तू हे वाचलंच नाहीस,’ एवढंच म्हटलं. पोरगा सरळ होता म्हणून निभावलं. इगर्जीचं नाव लावलेलं खातं लोकांना कुमसाराच्या (पाद्रीकडे पापं कबूल करायच्या) खिडकीसारखं वाटतं, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हॅटिकननं २००२ सालीच लिहून ठेवलंय की इंटरनेटवर साक्रामेंत (कुमसारासारखे पवित्र विधी) होत नाहीत, पण रात्री अकराला रडणारी बाई ते वाचून मेसेज करत नाही. म्हणून पेजवरचं मेसेजचं बटण बंद करा आणि तिथे ऑफिसचा फोन, फादर भेटायची वेळ ठळक लिहा.

व्हॉट्सॲपवर ग्रुप नको, चॅनल काढा. ग्रुपमध्ये आठवड्याभरात गुड मॉर्निंग आणि उमेदवारांची पोस्टरं सुरू होतात, शिवाय बायकांचे नंबर सगळ्यांना दिसतात. चॅनलवर फॉलोअरांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. मीसच्या वेळा, नोवेन (नऊ दिवसांची प्रार्थना), मोर्ण (कोण वारलं ते), एवढंच टाका. मोर्णाची बातमी मात्र घरच्यांनी ‘टाका’ म्हटल्याशिवाय नाही. आमच्याकडे एकदा घाईत टाकली, आणि तारवावर (जहाजावर) असलेल्या मुलाला बाप गेल्याचं घरच्या फोनआधी फोटोवरून कळलं. त्या घरी मी अजून नीट मान वर करून जात नाही.

खातं फादरच्या खासगी नंबरवर उघडू नका. बदली झाली की नंबर जातो आणि पेजही. इगर्जीचा वेगळा ईमेल, वेगळं सिम, आणि पासवर्ड ऑफिसच्या कपाटात.

भाषा रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, थोडी इंग्रजी. पण फेस्ताच्या (इगर्जीच्या सणाच्या) दिवशी पार्किंगची सूचना देवनागरीतही टाका. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला (मेरीमातेला) तेल घेऊन येणाऱ्यांत आमच्यासारखे हिंदूही असतात, त्यांना रोमी वाचायला वेळ लागतो.

यूट्यूबवर मोबाइलनं लाइव्ह जायला निदान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासही जातात. आवाज इगर्जीच्या मिक्सरमधून वायरनं घ्या, नाहीतर शेर्मांवऐवजी (प्रवचनाऐवजी) पंखाच ऐकू येईल. आणि हे सगळं आत्ताच करून ठेवा. फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी मला फोन करून उपयोग नाही, तेव्हा मी दुसऱ्या कुठल्यातरी इगर्जीत शिडीवर असतो.