नागटिब्ब्याला निघण्याआधी

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

हिमालयातली पहिली जंगलवाट म्हणून नागटिब्बा निवडलास, हे चांगलं केलंस. उत्तराखंडातलं, मसुरीच्या पलीकडचं हे ३०२२ मीटरचं टोक. दोर लागत नाही, तंत्र लागत नाही, शनिवार-रविवारात होतं. सह्याद्रीने तुझे पाय तयार केलेत, दमही आहे. पण सह्याद्रीतल्या काही सवयी तिथे उलट्या पडतात, आणि हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

आधी चढाचा हिशेब. पंतवाडी गाव साधारण १४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडंसंच खाली. तिथून टोक जवळजवळ १६०० मीटर वर आणि अंतर एका बाजूने आठेक किलोमीटर. दर ५ किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास धर. उत्तर सव्वाचार तास येतं, पण ते हलक्या पाठीच्या सराईत माणसाचं. तुझ्या पाठीवर सॅक असेल, थांबे होतील. दीडपट कर, म्हणजे साडेसहा. म्हणूनच शनिवारी मधल्या तळापर्यंतच जायचं आणि टोक रविवारी पहाटे करायचं. चालताना एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं, तर वेग बरोबर आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. नोव्हेंबरअखेर देहरादूनला सूर्य सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान मावळतो, मुंबईपेक्षा सुमारे पाऊण तास आधी. दाट झाडीत अंधार त्याहूनही लवकर होतो. गडावर संध्याकाळी सहाला पोहोचायची सवय इथे सोड. चारला तंबू उभा असला पाहिजे. त्यासाठी पंतवाडीतून दहाच्या आत पावलं उचलायला हवीत, म्हणजे देहरादून साडेपाचला सोडायचं. शनिवारी मसुरीत गाड्यांची रांग लागते, म्हणून चालकाला विकासनगर, यमुना पूल, नैनबाग अशा रस्त्याने न्यायला सांग.

पाण्याबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. आपल्याकडे गडावर टाकी असतात, या डोंगरावर तसं काही नाही. पंतवाडीतूनच माणशी ३ लिटर भरून निघ. वरचे झरे ऋतूप्रमाणे आटतात, शिवाय म्हशी-बकऱ्या तिथेच पाणी पितात. मिळालेलं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यायचं. थंड पाण्यात गोळीला पाकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त वेळ दे. रात्री बाटली उलटी ठेव, कारण बर्फ वरून धरतो आणि उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं. तळाच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, म्हणून साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पोहे, रवा, मॅगी असलं काही ने.

वाट चुकण्याची जागा म्हणजे वरचं जंगल. गावाभोवतीची शेतं संपली की बांज (हिमालयातला ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) ही झाडं सुरू होतात, मधूनच देवदार. नागदेवतेच्या मंदिरापुढे टोकाकडे जाताना हे जंगल घट्ट होतं, आणि गुरांच्या वाटा मूळ वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघ. परतताना वाट त्याच बाजूने दिसणार आहे. नकाशा आणि मार्ग फोनमध्ये आधीच उतरवून ठेव. फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. इतकं करूनही चुकलास किंवा चुकलीस, तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत वर चढून ये. ओढा धरून खाली उतरायचं नाही. सह्याद्रीत नाळेतून उतरण्याच्या रुळलेल्या वाटा असतात, म्हणून हा मोह होतो. इथले गधेरे, म्हणजे डोंगरी ओढे, मात्र अचानक कड्यावर संपतात. खरं तर पहिल्या खेपेला पंतवाडीतलाच एखादा वाटाड्या घे. वनखात्याची परवानगी आणि शुल्क कुठे, किती, हेही त्याच्याकडूनच नीट कळेल.

कपड्यांत सुती काही नको, जीन्स तर नकोच. घामाने ओलं झालेलं सूत थांबल्याबरोबर अंग गार पाडतं. अंगालगत सिंथेटिक, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. चढ सुरू होण्याआधी जाकीट काढायचं आणि थांबल्या क्षणी, थंडी वाजायच्या आत, घालायचं. झोपताना मोजे कोरडे, वेगळे. सॅक पाण्यासकट ८ किलोच्या वर जाऊ देऊ नकोस.

गुडघ्यांची परीक्षा रविवारच्या उतरणीवर होते. मंदिराकडून खाली येताना बांजाच्या सुक्या पानांचा थर सैल मातीवर असतो आणि त्यावरून बूट सरकतो. टाच आपटू नकोस, लहान पावलं टाक, दोन काठ्या वापर. नखं दोन दिवस आधी काप, नाहीतर बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. डिसेंबर ते मार्च सावलीच्या बाजूला बर्फ घट्ट होतो, तेव्हा बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे हवेतच. माझं मत विचारशील तर पहिल्या खेपेला बर्फाचा हट्ट नको. नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते आणि ६३१६ मीटरचं बंदरपूंछ समोर दिसतं; मार्चअखेरीस बुरांश लाल फुललेला असतो. पावसाळा पूर्ण टाळ, दरडी रस्ताच बंद करतात.

जंगलात कानात इअरफोन नकोत. अस्वलं आहेत, आणि माणसाची चाहूल लागली की ती सहसा स्वतःच बाजूला होतात. धनगरांचे कुत्रे दिसले तर थांबून मालकाला लांबूनच हाक मार. शेकोटी पेटवू नकोस. सुकी पानं ठिणगीनेही धरतात.

परतीचं विमान रविवारी रात्रीचं काढू नकोस, सोमवार दुपारचं घे. तारीख ठरली की सॅक भरून वजन कर आणि आकडा मला कळव.

तुझ्या काळजीत,
डोंगरातली जुनी ओळख