सुप्रीम कोर्टाचे निकाल वाचायची आवड : त्यातून करिअर होतं का?

ताई, नमस्कार.

तुमची लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. घटनापीठाच्या, म्हणजे घटनेच्या अर्थाचे मोठे प्रश्न ऐकणाऱ्या पाच किंवा अधिक न्यायाधीशांच्या पीठाच्या, सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण ती तासन्‌तास बघते, टिपणं काढते आणि म्हणते, मला कोर्टात उभं राहून वकिली करायची नाही, कोर्ट काय करतंय ते लोकांना समजावून सांगायचंय. तिच्या बाबांना वाटतं, हाच वेळ तिनं एमपीएससीला द्यावा. तुम्ही मला तीन गोष्टी विचारल्यात: यात पोट भरेल का, इंग्रजीचं काय करायचं, आणि कोर्टाविषयी लिहून पोरगी अडचणीत तर येणार नाही ना.

तिन्हींची उत्तरं देते, पण आधी तिच्या आवडीविषयी. तिला नुसता छंद म्हणून बाजूला सारू नका. सर्वोच्च न्यायालयानं नेमकं काय म्हटलं आणि काय म्हटलं नाही, हे नीट वाचून मराठीत सांगू शकणारी माणसं फार थोडी आहेत. आणि ही उणीव रोज जाणवते.

‘सुप्रीम कोर्टाचंही शिक्कामोर्तब’ हा मथळा तुम्ही कितीदा तरी वाचला असेल. पुष्कळदा घडलेलं एवढंच असतं की हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध कुणी घटनेच्या कलम १३६ खाली विशेष अनुमती याचिका (अपील करू द्या, अशी परवानगी मागणारा अर्ज) केली आणि न्यायालयानं ती दोन ओळींच्या आदेशानं, कारणं न देता फेटाळली. त्या पक्षकारांपुरता हायकोर्टाचा निकाल कायम राहतो, हे खरं. पण त्या निकालातली कायद्याची मांडणी सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली, असं त्यातून ठरत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालात हे स्पष्ट केलेलं आहे. कलम १४१ प्रमाणे देशातल्या सगळ्या न्यायालयांना बांधून ठेवतो तो सर्वोच्च न्यायालयानं घोषित केलेला कायदा. कारणांशिवाय याचिका फेटाळली तर घोषित काहीच झालेलं नसतं. हा फरक ज्याला कळला, त्याच्या हातून तो मथळा जाणार नाही.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जवळचं. मराठा आरक्षणाचा कायदा पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ५ मे २०२१ रोजी रद्द केला, एवढं घराघरात ठाऊक आहे. पण त्या निकालात दोन वेगळे प्रश्न होते. इंद्रा साहनी खटल्यात १९९२ साली नऊ न्यायाधीशांनी घातलेली पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती इथे नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. दुसरा प्रश्न १०२ व्या घटनादुरुस्तीचा: मागास वर्ग ठरवायचा राज्याचा अधिकार तिनं काढून घेतला का? तिथे तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि बहुमतानं ‘होय’ म्हटलं. हा अधिकार राज्यांना परत देण्यासाठी संसदेनं त्याच वर्षी १०५ वी घटनादुरुस्ती केली. निकालाचा फक्त शेवट वाचणाऱ्याला ही दुरुस्ती अचानक कुठून आली ते कळणारच नाही.

आणि ११ मे २०२३ चा महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावरचा निकाल आठवा. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. निकालपत्र उघडलं तर दिसतं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं न्यायालयानं असमर्थनीय ठरवलं. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला असल्यानं आधीची स्थिती परत आणता येत नाही, असंही म्हटलं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवला आणि अध्यक्षांच्या अपात्रता ठरवण्याच्या अधिकाराविषयीच्या नबाम रेबिया या जुन्या निकालातला एक मुद्दा सात न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. या चारही गोष्टी एका लेखात, कुणाचीही बाजू न घेता मांडता येणं, हे तुमच्या लेकीला हवं असलेलं काम. ते शिकता येतं, पण नुसतं प्रक्षेपण बघून नाही.

प्रक्षेपणाचा उपयोग मोठाच आहे. स्वप्नील त्रिपाठी खटल्यात २०१८ साली न्यायालयानं थेट प्रक्षेपणाचं तत्त्व मान्य केलं, आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या घरबसल्या बघता येऊ लागल्या. तोवर दिल्लीला जाऊन पास काढल्याशिवाय सामान्य माणसाला हे दिसत नसे. पण सुनावणीत न्यायमूर्ती जे बोलतात ते बरेचदा वकिलांचा युक्तिवाद तपासून बघण्यासाठी असतं. एखादा टोकदार प्रश्न म्हणजे निकाल नव्हे. माध्यमांना तोंडी शेरे छापता येतात, हे न्यायालयानं मे २०२१ मध्ये निवडणूक आयोगाच्या एका प्रकरणात सांगितलं. त्याच निकालात हेही म्हटलं की तोंडी शेरे हा आदेशाचा भाग नसतो. ‘न्यायालयानं विचारलं’ आणि ‘न्यायालयानं ठरवलं’ ही दोन क्रियापदं तिच्या लिखाणात कधीच एकमेकांच्या जागी येता कामा नयेत.

तिला पुढचे सहा महिने एकच प्रकरण धरायला सांगा. मोठं, गाजलेलं नको. शेतजमिनीचा मोबदला, विम्याचा दावा, कंत्राटी कर्मचाऱ्यांचं कायम होणं, असं काहीतरी. न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा क्रमांक टाकला की प्रत्येक तारखेचा आदेश दिसतो. नोटीस कधी निघाली, स्थगिती कशाला मिळाली, तारीख का पडली, कुठलं पीठ बसलं, हे ओळीनं लिहित जावं. ऐंशी हजारांच्या वर प्रकरणं तिथं प्रलंबित आहेत. घटनापीठाचं चकाकतं काम त्यातला अगदी छोटा तुकडा. या न्यायालयाचा खरा दिवस कसा जातो ते तिला इथे कळेल. निकाल आला की आधी प्रश्न कोणता होता ते शोधायचं, मग उत्तर, मग कारणं. भिन्नमत असेल तर ते बहुमताच्या आधी वाचलं तरी चालेल. वाद नेमका कुठे आहे ते तिथे लवकर सापडतं. न्या. एच. आर. खन्ना यांचं १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यातलं भिन्नमत तिनं वाचावंच. आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं म्हणणारा तो बहुमताचा निकाल पुढे २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं मोडीत काढला.

इंग्रजीला पर्याय नाही, हे मी मऊ करून सांगणार नाही. कलम ३४८ मुळे या न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. बरेच निकाल आता मराठीत भाषांतरित मिळतात, पण आधार धरायचा तो मूळ इंग्रजी मजकुराचाच. तरी मराठी माध्यमाचा न्यूनगंड तिनं बाळगू नये. रोज निकालपत्राची दोन पानं, शेजारी मराठी भाषांतर, आणि मग दोन्ही मिटून आपल्या शब्दांत परिच्छेदभर लिहिणं. कायद्याचं इंग्रजी ठरावीक वळणाचं असतं, वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. चांगलं मराठी लिहिता येणं ही तर या कामातली तिची जमेची बाजू आहे.

बी.ए. झाल्यावर तिनं तीन वर्षांचं एलएल.बी. करावं, असं माझं ठाम मत आहे. वकिली करायची नसली तरीही. एमएच-सीईटी लॉ देऊन प्रवेश मिळतो. वर्गात बसून शिकावं लागतं, दूरशिक्षणाची पदवी बार कौन्सिल मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिस्वीकृत वार्ताहरांसाठी कायद्याच्या पदवीची अट २०२४ मध्ये काढली गेली, तेव्हा पदवीशिवाय दार बंद आहे असं नाही. पण दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया, पुरावा कायदा यांचा पाया नसेल तर आदेशातलं निम्मं डोक्यावरून जातं. शिवाय पदवीमुळे इतर वाटा खुल्या होतात: कायद्याच्या बातम्या देणारी संस्थळं, निकालांचे सारांश काढणारे प्रकाशक, ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डच्या (सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेल्या वकिलाच्या) कार्यालयात संशोधन आणि मसुदे, धोरण-अभ्यास संस्था, न्यायालयीन भाषांतर. आणि न्यायमूर्तींच्या हाताखाली लॉ क्लर्क. हे पद कंत्राटी आणि थोड्या काळाचं असतं, पण निकाल आतून कसा घडतो ते दुसरीकडे कुठेच असं बघायला मिळत नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीची वर्षं तुटपुंजी असतात, आणि दिल्लीत राहायचं तर घरून मदत लागू शकते. ती किती आणि किती वर्षं करता येईल, हे तुम्ही दोघांनी तिच्यासमोर मोकळेपणानं बोला. पदवीच्या काळात तिनं एखाद्या वकिलाकडे किंवा वृत्तपत्रात जिल्हा न्यायालयाचं काम करून बघावं. तिथं जीव रमला नाही तर दिल्लीचं आकर्षणही फार टिकणार नाही.

अवमानाच्या भीतीबद्दल. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ यातच कलम ४ आणि ५ आहेत. कामकाजाचं न्याय्य आणि अचूक वार्तांकन हा अवमान नव्हे, आणि अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणावगुणांवर रास्त टीका करणं हाही नव्हे. निकालाची कारणं कुठे लंगडी पडतात ते ती खुशाल लिहू शकते. न्यायाधीशांवर पुराव्याशिवाय हेतूचे आरोप करणं, चालू सुनावणीबद्दल अर्धवट माहिती पसरवणं, बंद दालनातलं कामकाज फोडणं, यापासून लांब राहावं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे.

आता तिच्या बाबांना माझा निरोप द्या. एमपीएससी आणि ही वाट यांत त्यांना वाटतो तेवढा विरोध नाही. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर ही परीक्षा एमपीएससीच घेत आली आहे, आणि त्यासाठी कायद्याची पदवी लागतेच. मात्र सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ च्या निकालात या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. वकिली नको म्हणणाऱ्या तुमच्या लेकीवर त्याचा थेट परिणाम होतो. ती तीन वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची, लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्यात धरायचं का, आधीच जाहिरात निघालेल्या भरतीचं काय, या सगळ्याची उत्तरं त्या निकालात आहेत. पुढच्या रविवारी तिनं तो वाचावा आणि बाबांना समोर बसवून मराठीत समजावून सांगावा. त्यांनी उलट प्रश्न विचारावेत, आणि उत्तर देताना प्रत्येक वेळी तिनं निकालपत्रातला परिच्छेद क्रमांक दाखवावा.