मदत पोहोचेपर्यंतचे तास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गाव मोठ्या रस्त्यापासून जितकं आत, तितके आपत्तीनंतरचे पहिले तास गावाचे स्वतःचे. १९९५ साली जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. ते तर मोठं शहर होतं. म्हणून या वेळी आलेल्या पत्रांतले, घरच्या घरी काही करता येईल असे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. जोराचा पाऊस लागला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दरड येणार हे आधी कळतं का?

पुष्कळदा कळतं, पण बघणारं कोणी असावं लागतं. उतारावर नवी भेग, सरळ वाढलेली झाडं किंवा विजेचे खांब कलणं, कालपर्यंत नीट लागणारं दार अडकायला लागणं, कोरड्या जागी पाझर फुटणं ही सगळी जमीन सरकत असल्याची लक्षणं आहेत. भेग दिसली तर तिच्या दोन्ही कडांना एकेक खुंटी ठोका, दोन खुंट्यांमधलं अंतर मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. दोन दिवसांनी परत मोजा. अंतर वाढलं असेल तर नुसती शंका राहत नाही. ग्रामपंचायतीला, तालुक्याला दाखवायला तुमच्या हातात आकडा असतो.

सगळ्यात मोठी धोक्याची खूण मात्र लोकांना दिलासा वाटते. पाऊस कोसळतोय आणि ओढ्याचं पाणी एकदम उतरलं, तर 'बरं झालं' म्हणू नका. वर कुठेतरी दरड पडून ओढा तुंबलेला असू शकतो आणि तो बांध फुटला की चिखल, दगड सगळं एकदम खाली येतं. पाणी अचानक गढूळ होणं, वरून घरघर ऐकू येणं याचाही अर्थ तोच. सामान आवरत बसू नका. ओढ्याच्या वाटेने खाली पळू नका, ओढा सोडून बाजूच्या उंचवट्यावर जा.

आणि झोप लागत नाही म्हणता, तर तिथे झोपूच नका. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा वेळी जागं होऊन पळायला सवड मिळत नाही. सलग मुसळधार पाऊस असेल त्या रात्री मुक्काम कुठे करायचा, ते आजच त्या घरच्यांशी बोलून ठेवा. दहा वेळा उगाच गेलात तरी चालेल.

प्रश्न : शेतात असताना वीज कडाडली तर झाडाखाली थांबावं का? मोबाईल बंद करावा का?

झाडाखाली मुळीच नाही. झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी घेते आणि मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. मोबाईल वीज ओढत नाही, मात्र चार्जिंगला लावलेला फोन हातात धरू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर ती लांब आहे. अर्थात गडगडाट ऐकू आला म्हणजेच तुम्ही तिच्या टप्प्यात आलात. पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. चारी बाजूंनी उघडी शेड हा आसरा नव्हे.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. एकदम अनेकांना धक्का बसला असेल तर निपचित पडलेल्याकडे आधी धावा. जे कण्हतायत ते बहुधा वाचतात. ज्याचं हृदय थांबलंय त्याला तुमच्या हातांची गरज आहे.

प्रश्न : पुलावरून गुडघ्याएवढं पाणी जात असेल तर गाडी घालता येते का?

नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी सरकवतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. शिवाय पाण्याखाली पूल शिल्लक आहे की नाही, हे काठावरून दिसत नाही.

प्रश्न : दगड-मातीचं जुनं घर आहे. भूकंप झाला तर टेबलाखाली बसायचं की बाहेर पळायचं?

पक्क्या बांधकामात खाली वाकणं, मजबूत टेबलाखाली जाणं आणि त्याचा पाय धरून राहणं योग्य. जड भिंतींच्या, मातीच्या धाब्याच्या घरात तळमजल्यावर दाराजवळच असाल आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर लगेच बाहेर पडा. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भूकंप आला तो पहाटे, लोक झोपेत असताना. जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले आणि छपराचा भार माणसांवर आला. म्हणून खरं काम आधीचं आहे. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड आणि दारं-खिडक्यांच्या वर घराला सगळीकडून धरणारा सलग पट्टा जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने करून घ्या. ते होईपर्यंत माळ्यावरचं ओझं उतरवा आणि अंथरूण कच्च्या भिंतीपासून लांब घाला.

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, इन्सुलिन चालू आहे. घरात काय तयार ठेवू?

पिशवीत माणशी रोज ४ लिटर या हिशेबाने निदान ३ दिवसांचं पाणी, कोरडं खाणं, विजेरी, औषधं, कागदपत्रांच्या प्रती आणि औषधाचं नाव-मात्रा लिहिलेला कागद ठेवा. वापरात असलेलं इन्सुलिन उन्हातान्हात ठेवलं नाही तर फ्रिजबाहेरही साधारण ४ आठवडे टिकतं. बाटलीवरची सूचना मात्र वाचा. वीज गेली म्हणून जनरेटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत लावू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वासच नसतो, कळायच्या आधीच माणूस बेशुद्ध पडतो.

पण तुमच्या घरी पिशवीपेक्षा मोठा प्रश्न सासूबाईंना उचलायचा आहे. अशाच एका घरी मी तालीम करून घेतली होती. खाटेसकट नेऊ असं सगळे ठामपणे सांगत होते. खाट दारात आडवी झाली आणि निघेचना. शेवटी जाड चादरीची चार टोकं चौघांनी धरली तेव्हा जमलं. ते चौघे कोण, त्यातला एक परगावी असेल तर कोण, हे नावानिशी ठरवा. आणि सासूबाईंना घेऊन तुम्ही पहिल्या इशाऱ्यालाच निघा. बाकीचे थांबले तरी तुम्ही थांबू नका.

प्रश्न : रात्री पुराचं पाणी चढलं तर गोठ्यातल्या गुरांचं काय करावं?

इशारा मिळताच उजेडी उंचावर हलवा. वेळच उरला नाही तर दावी सोडून द्या. मोकळं जनावर पोहतं, बांधलेलं दाव्यालाच बुडतं. गोठ्याच्या दाराशी हाताला लागेल असा धारदार विळा टांगून ठेवा, कारण भिजून फुगलेली गाठ अंधारात सुटत नाही.