तीन महिन्यांचं कार्डियाक रिहॅब संपल्यावर पुढे वर्षभर ये-जा करण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वडील ६१ वर्षांचे, राहायला खानापूरकडे. हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला, मग बेळगावला आठवड्यातून तीनदा असं १२ आठवडे रिहॅब, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि सल्ला, असं झालं. आता तिथले लोक म्हणतात आणखी वर्षभर या. वडील म्हणतात मी ठणठणीत आहे. खरंच उपयोग होतो, की नुसते पैसे काढायचं काम? आणि योगाचा उपयोग होतो का?

आधी सांगून टाकते, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बेळगावात अकरा वर्षं हृदयाचेच पेशंट बघते. माझी भाकरी यावरच आहे, तेव्हा माझं म्हणणं जरा पारखून घ्या.

उपयोग होतो. मात्र वर्षभर आठवड्यातून तीनदा एसटी धरून यायची गरज बहुतेकांना नसते. तुमच्या वडिलांना कोणी तसं सांगत असेल, तर का म्हणून विचारा.

आधी रिहॅबच्या एकूण उपयोगाबद्दल. २०२३ साली ८५ चाचण्यांचा, म्हणजे पेशंटचे गट करून उपचाराची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा, एकत्र हिशोब छापून आला, माणसं २३ हजारांवर. व्यायामावर आधारलेलं रिहॅब केलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू साधारण २६ टक्क्यांनी कमी, पुन्हा अटॅक १८ टक्क्यांनी कमी, दवाखान्यात भरती व्हायची वेळ २३ टक्क्यांनी कमी. सगळ्या कारणांनी होणारे मृत्यू धरले तर मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे 'रिहॅब केलं की आयुष्य वाढतं' असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर तो जरा जास्तच बोलतोय.

पण तुमचा प्रश्न तीन महिन्यांनंतरचा आहे, आणि त्याला नेमकी लागू पडणारी चाचणी इटलीत झाली. तिचं नाव गॉस्पेल, निकाल २००८ चा. अटॅकनंतरचं नेहमीचं रिहॅब पूर्ण केलेले ३,२४१ पेशंट घेतले. अर्ध्यांना नेहमीच्या डॉक्टरकडे सोडलं, अर्ध्यांना तीन वर्षं हाताशी धरलं. हाताशी धरलं म्हणजे किती? पहिले सहा महिने महिन्यातून एकदा, नंतर सहा महिन्यांतून एकदा. बस्स. त्या भेटीत अर्धा तास व्यायाम, तासभर बोलणं आणि गोळ्यांची तपासणी. सगळे त्रास मिळून धरले तर दोन गटांतला फरक थोडा होता, १६.१ विरुद्ध १८.२ टक्के, त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. पण जिवावर न बेतलेले पुन्हाचे अटॅक जवळजवळ निम्म्यावर आले. महिन्याला एक फेरी, एवढ्यात!

असं का होतं, ते मला कागदापेक्षा खानापूरजवळच्या नंदगडच्या एका काकांनी जास्त शिकवलं. किराणा दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसून. आमच्याकडे सहा मिनिटं चालायची टेस्ट असते. तीस मीटरच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन स्टुलं ठेवायची आणि सहा मिनिटांत माणूस किती अंतर कापतो ते मोजायचं. काका पहिल्या दिवशी २९० मीटर गेले, तेही मध्ये दोनदा भिंतीला हात टेकून. बारा आठवड्यांनी ४२०. "आता मला काय झालंय ओ, मॅडम?" म्हणाले आणि जाताना कुंद्याचा, म्हणजे बेळगावी दुधाच्या मिठाईचा, डबा ठेवून गेले. हार्टच्या पेशंटनं फिजिओला कुंदा द्यावा, यावर मी काय बोलू? खाल्ला आम्ही.

मग जून लागला. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. चार महिने छत्री उलटी होते, रस्त्यावर चालणार कुठे? काका दिवाळीनंतर आले ते ३२० मीटरवर. वजन पाच किलो वर. आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद. का, तर "रिपोर्ट नॉर्मल आला की." अहो, गोळीमुळेच नॉर्मल आला होता. चालण्याने कमावलेला दम काही आठवड्यांतच उतरायला लागतो, हे खरंच. पण माझ्या मते मोठं नुकसान त्या गोळीचं होतं, कारण सहा महिन्यांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. महिन्याची फेरी असते ती या विचारण्यासाठी. मी पूर्वी होते तिथे डिस्चार्ज कार्डावर 'रोज चालावे' एवढंच लिहून दिलं जायचं. किती, कसं, कुठे थांबायचं, काही नाही.

  

तुमच्या वडिलांसाठी मी असं करेन. महिन्यातून एकदा बेळगाव, सहा महिने. मग डॉक्टरांना विचारून अंतर वाढवा. हार्टचं पंपिंग फार कमी असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर हे गणित बदलतं. तिथे देखरेखच जास्त हवी, आणि ते त्यांच्या कार्डिओलॉजिस्टनीच ठरवायचं. बाकी दिवस घरी, आठवड्यातले पाच तरी, अर्धा-पाऊण तास. पावसाळ्यात सोप्यातून (ओसरीतून) परसदारापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. आमचे बरेच पेशंट तसंच करतात, मोजायला खिशात चिंचोके ठेवतात. जोर किती लावायचा? चालताना बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. नाडी मोजत बसू नका. अटॅकनंतर बहुतेकांना बीटा ब्लॉकर नावाची गोळी असते, तिने ठोके तसेही दबलेले असतात.

छातीत आवळल्यासारखं झालं, दम लागून बोलता येईना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसायचं. छातीदुखीची गोळी जिभेखाली कधी ठेवायची ते डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या. विश्रांतीनेही थांबलं नाही तर वाट बघू नका, सरळ दवाखाना.

योगाचं विचारलंय म्हणून. आपल्याच देशात २४ केंद्रांवर ३,९५९ पेशंटवर योगावर आधारलेल्या रिहॅबची चाचणी झाली, १२ आठवड्यांत १३ वर्ग. पुढचे मोठे त्रास त्याने ठामपणे कमी झालेले दिसले नाहीत, पण माणसांना बरं वाटलं आणि ती अटॅकआधीच्या कामांकडे जास्त चांगली परतली. रिहॅबला यायला जमतच नसेल तर काहीच न करण्यापेक्षा नक्की बरं. फक्त श्वास कोंडून धरायचे प्रकार नकोत.

आणि पुढच्या फेरीला येताना वडिलांच्या गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामीसुद्धा. चिठ्ठी नको, पाकिटं.